शाळा सोडल्याचे कारण

"साडेआठ महिने कमी पडले, काका."

कनिष्ठ महाविद्यालयाचे लिपिक पंजाबराव यांनी हातातला जीर्ण कागद एकदा उलटून पाहिला आणि पूजेचे पान ठेवावे तशा हलक्या हाताने तो टेबलावर ठेवला. समोरच्या बाकावर चंद्रभानजी गुडघ्यांवर तळवे टेकून बसले होते. वय त्रेसष्ट. चांदूर बाजारजवळच्या एका गावात दीड एकराचा भाजीचा मळा, आणि बारा महिने ओल्या मातीत राबून कडेने कायमची काळी पडलेली नखे. त्यांच्या शेजारी त्यांची नात प्राजक्ता उभी होती. ती याच महाविद्यालयात बारावी विज्ञानाला होती आणि गावाहून रोज एसटीने ये-जा करीत असे. तिच्या पुढच्या प्रवेशाचे कागद जुळवण्यासाठी आजोबा सकाळच्या पहिल्या गाडीने अमरावतीस आले होते.

टेबलावरचा कागद म्हणजे चंद्रभानजींचा शाळेचा दाखला. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून त्यांनी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबून बियाण्यांच्या पेटीत जपला होता. आपल्या कुळात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस आपण, याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवीतही नसत. दाखल्यावर त्यांचे वडील नत्थुजी यांचे नाव होते, माळी ही जात होती, हेडमास्तरांचा शिक्काही ठसठशीत होता. प्रवेशाची तारीख मात्र एक जुलै एकोणीसशे अडुसष्ट.

पंजाबरावांनी शांतपणे सारे समजावून सांगितले. राखीव जागेवर प्रवेश हवा, तर नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही. समितीकडून ते पडताळून घ्यावे लागते. त्यासाठी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाचा तरी, तेरा ऑक्टोबर एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा, जातीची नोंद असलेला कागद हवा.

"आठ महिन्यात माही जात बदलली का बावा?" चंद्रभानजींनी विचारले.

"तुमची नाही बदलली, काका. पन सरकारची तारीखबी बदलत नाही." पंजाबराव हसले, मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "घरात तुमच्याहून मोठं कोनी शिकेल असन तं पाहा. तीस तारखेले मी समद्या पोरापोरीईचे प्रस्ताव समितीत नेऊन देतो. त्याच्यानंतर माह्या हातात काही नाही."

प्राजक्ताने एकच प्रश्न केला. "सर, तीस तारखेले किती वाजेलोक?"

"पाच."

तिने वहीच्या मागच्या पानावर तीस आणि पाच हे दोन आकडे लिहिले आणि वही मिटली. त्या दिवशी डिसेंबरची सोळा तारीख होती.

प्राजक्ताला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जायचे होते. वर्गातल्या मैत्रिणींना हे थोडे हास्यास्पद वाटे. मळ्यातून सुटण्यासाठी माणूस शिकतो, आणि ही शिकून परत मळ्यातच जाऊ पाहते, असे त्या म्हणत. पण या मुलीच्या मनात एक प्रश्न लहानपणापासून रुतून बसला होता. एकाच वाफ्यातील वांग्याची शेजारशेजारची दोन झाडे. एक मर रोगाने मान टाकते आणि दुसरे हिरवेगार उभे राहते, ते कशाच्या बळावर? आजोबांना विचारले, तर ते म्हणत, "थे बियाण्यात असते." बियाण्यात म्हणजे नेमके कुठे, हे त्यांना सांगता येत नसे. ते जिथे शिकवतात तिथे जायचे, असे तिने नववीतच ठरवून टाकले होते. खुल्या यादीत बसण्याइतके गुण पडतील याची तिला खात्री नव्हती, आणि स्वतःला फसवण्याचा तिचा स्वभाव नव्हता. राखीव जागा मिळाली तर अकोला. न मिळाली तर गावाजवळ जे मिळेल ते.

पुढचे चार दिवस चंद्रभानजी कागदासाठी हिंडले. चुलतभावांकडे गेले, त्यांच्यापैकी कोणी शाळेत गेलेच नव्हते. तलाठ्याकडे गेले, सातबाऱ्यावर जमीन होती, जात नव्हती. रिद्धपूरला आईच्या भावाकडे गेले. मामा नव्वदीचे, चौथी पास, दाखला एकोणीसशे त्रेचाळीसचा. तो हाती येताच चंद्रभानजींचा ऊर भरून आला, आणि पंजाबरावांनी फोनवर एका वाक्यात तो रिकामा केला. आईकडचे नाते चालत नाही. किशोर, म्हणजे प्राजक्ताचा बाप, पहाटेच्या हर्रासाला भाजी घेऊन जाई आणि परतला की वडिलांच्या तोंडाकडे पाही. विचारीत काही नसे.

रविवारी सायंकाळी प्राजक्ताने अंगणात पोते अंथरले, पाटीवर कोरा कागद ठेवला आणि आजोबांना समोर बसवले. प्रस्तावासोबत वंशावळ जोडायची होती. चंद्रभानजी सांगू लागले. मूळ पुरुष गोविंदा, त्याचा मुलगा सखाराम, त्याचे दोघे, त्यांतील नत्थुजी. नत्थुजीचा चंद्रभान, चंद्रभानचा किशोर. ती रेघा ओढीत गेली. कागदावर एक सरळसोट झाड उभे राहिले, आणि त्यावर एकही बाई नव्हती.

"आबाजी, आत्याआजी कुठं हाये यात?"

"कोन, भागीरथाबाई? लेकी नाही लिहीत माय वंशावळीत. थ्या दुसऱ्याच्या घरच्या."

"सर म्हनत होते, बापाकडचं रक्ताचं कोनीबी. तुमच्या बहिनीचं रक्त कोनाकडचं हाये?"

चंद्रभानजींना हसू आले. भागीरथाबाई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. मधली दोन भावंडे जगली नव्हती. तिला तिवस्याला देऊन पन्नास वर्षे होऊन गेली होती. दर भाऊबीजेला ती माहेरी येई, चार दिवस राही, आणि त्या चार दिवसांत मळ्यातील एक काम फक्त तिचे असे. बियाण्याची वांगी तीच निवडी. जे फळ तोडायचे नाही, झाडावरच पिकू द्यायचे, त्याच्या देठाला ती आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. एक गाठ म्हणजे लवकर धरलेले झाड, दोन गाठी म्हणजे रोगातून वाचलेले, तीन गाठी म्हणजे दोन्ही. गेली तीन वर्षे प्राजक्ता त्या गाठी एका वहीत उतरवून घेत होती, आणि आत्याआजीची निवड एकदाही चुकल्याचे तिला आढळले नव्हते.

"थे अंगठेबहाद्दर हाये, माय," चंद्रभानजी म्हणाले. "शाळेचं दारबी पाह्यलं नाही तिनं."

हा शब्द त्यांनी बहिणीला आयुष्यभर चिडवताना वापरला होता. तिच्या लेकाच्या लग्नात वापरला, बँकेत तिचे खाते उघडताना वापरला. ती प्रत्येक वेळी हसे आणि अंगठा पुढे करी.

प्राजक्ताने वाद घातला नाही. नत्थुजींच्या नावाखालून तिने आणखी एक रेघ काढली, तिच्या टोकाशी 'भागीरथा' असे लिहिले आणि फोन उचलून तिवस्याला लावला. पलीकडून आधी कांद्याच्या रोपांची चौकशी झाली, मग अभ्यासाची. मग प्राजक्ताने शाळेचे विचारले.

"अकरा महिने गेलती मी," भागीरथाबाई म्हणाली. "आपल्या गावच्याच शाळेत. जुनं रजिस्टर असन तं पाह्य."

चंद्रभानजी पोत्यावरून उठले. ओसरीवरचा कंदमुळांचा हारा त्यांनी उगाच या कडेचा त्या कडेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच आजोबा आणि नात दारात उभे होते. मुख्याध्यापिका दीपमालाबाई तरुण होत्या, मूळच्या अकोल्याच्या. जुन्या कागदासाठी माणसे येतात, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. पण लोक यायचे ते आजोबांसाठी, पणजोबांसाठी. बाईच्या नोंदीसाठी कोणी आल्याचे त्यांच्या आठवणीत नव्हते. पोषण आहाराच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यातून त्यांनी कापडी पाठीचे, उंच, लांबट दाखल-खारीज रजिस्टर काढले. पाने कडेने तपकिरी झाली होती, शाई मात्र अजून काळीभोर होती. त्या काळचे मास्तर टाक बुडवून लिहीत, आणि लिहिताना घाई करीत नसत, हे त्या अक्षरांकडे पाहून कळत होते.

एकोणीसशे एकसष्टच्या पानावर बाईंचे बोट थांबले.

त्या एकेक रकाना वाचीत गेल्या. नाव, भागीरथा नत्थुजी. जात, माळी. धंदा, बागाईत. प्रवेश, तीन जुलै एकसष्ट. इयत्ता पहिली. शाळा सोडल्याची तारीख, पाच जून बासष्ट. प्राजक्ताने श्वास रोखून धरला होता. तो तिने तारखेपाशी सोडला. सदुसष्टच्या आधीची सहा वर्षे. तिने आजोबांचा हात धरला.

"प्रगती बरी," बाईंनी पुढचा रकाना वाचला. "इथं चांगली असं लिहून मग खोडलंय आणि बरी केलंय. का, देव जाणे." मग त्या शेवटच्या रकान्याशी आल्या आणि वाचायच्या थांबल्या. त्यांनी रजिस्टर चंद्रभानजींकडे वळवले.

चंद्रभानजी वाचताना अजूनही अक्षराखालून बोट फिरवीत. त्यांनी बोट ठेवले. रकान्याच्या माथ्यावर होते, 'शाळा सोडल्याचे कारण'. खाली टाकाने, सुबक अक्षरात लिहिले होते, 'लहान भाऊ सांभाळण्याकरिता.'

ते बोट बराच वेळ त्या शब्दांवरून हलले नाही.

"म्हंजे मी," ते म्हणाले.

त्यांचा जन्म बासष्टच्या एप्रिलमधला होता. बाहेर पहिलीची मुले एकसुरात काही म्हणत होती. चंद्रभानजींना अकस्मात आपली पहिली आठवली. सायंकाळी चुलीच्या उजेडात ते मोठ्याने धडा वाचीत, मागे भागीरथाबाई भाकरी थापीत असे, आणि मध्येच म्हणे, "एक ओळ सुटली तुही." त्यांना वाटे, ऐकून ऐकून तिला पाठ झाले असेल. पण तो धडा तर ते त्या दिवशी पहिल्यांदाच वाचीत होते. ही गोष्ट कळायला त्यांना सत्तावन्न वर्षे लागली.

दीपमालाबाईंनी नोंदीचा उतारा आपल्या हाताने लिहिला, प्रत्येक रकाना दोनदा ताडून पाहिला आणि सही-शिक्का करून दिला. घरी आल्यावर चंद्रभानजी थेट मळ्यात गेले. वांग्याच्या ओळीत भाऊबीजेला बांधलेल्या चिंध्या अजून होत्या. फळे पिवळी पडू लागली होती. त्यांनी मुळांशी वाळलेले एक आळे नीट केले, बांधावर बसून राहिले आणि जेवायला हाक आली तरी लवकर उठले नाहीत. प्राजक्ता त्या संध्याकाळी भौतिकशास्त्राच्या वहीतील राहिलेले तीन प्रयोग लिहीत होती. प्रस्तावाच्या धावपळीत तिने अभ्यासाचा एकही दिवस मोडू दिला नव्हता.

पंजाबरावांनी उतारा पाहिला तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. असा स्वच्छ पुरावा वर्षातून दोन-तीनदाच हाती येतो, म्हणाले. मात्र माणूस सावध. वंशावळीवर किशोरचे शपथपत्र तर हवेच; शिवाय नोंद जिची आहे ती बाई हयात असेल, तर तिचेही निवेदन जोडावे, म्हणजे समितीला शंका काढायला जागा राहणार नाही. तेव्हा तीस तारखेला दुपारी भागीरथाबाई तिवस्याहून अमरावतीस आली. हातात कापडी पिशवी, अंगावर धुवट हिरवे नऊवारी, आणि पायात नातवाने आणलेले, मापाला थोडे मोठे बूट.

आत गर्दी होती. प्राजक्ता फाईल घेऊन रांगेत उभी राहिली. बाहेर सूचनाफलकाखालच्या बाकावर भाऊ-बहीण बसली. भागीरथाबाईने पिशवीतून चार बोरे काढून भावाच्या हातावर ठेवली. चंद्रभानजींनी ती मुठीत धरली, खाल्ली नाहीत.

"बाई, तू शाळेत जात होती, मले काहून नाही सांगतलं?"

"कोनं इचारलं?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. खरोखरच कोणी विचारले होते का, हे ती आठवून पाहत असावी. मग ती आपणहून बोलू लागली.

"तू लई रड्या होता. खाली ठेवलं का रडे. माय वाफ्यात, बाप मोटीवर. मंग घेतलं तुले कडीवर." ती हसली. "पुढं तुले शाळेत घालाले मीच नेलतं. मास्तर तेच होते. मले म्हने, तूबी येतं का भागीरथा आत? मी म्हटलं, नाही जी, पानी सोडाचं हाये."

चंद्रभानजींनी मान खाली घातली. त्यांना बोलायचे होते. त्या एका शब्दाबद्दल, जो त्यांनी चार लोकांत इतक्या सहज वापरला होता. पण तो शब्द पुन्हा तोंडावर आणल्याशिवाय त्याची क्षमा मागता येत नव्हती, आणि तोंडावर आणणे आता त्यांना शक्य नव्हते.

"काय म्हनलं होतं तुनं," भागीरथाबाईने विचारले, "प्राजक्ता काय शिकाले जाते अकोल्याले?"

"बियाण्याचं," ते कसेबसे म्हणाले.

"हं," ती म्हणाली. आणि पुन्हा, स्वतःशीच, "हं."

पावणेचारला आतून हाक आली. पंजाबरावांनी निवेदन वाचून दाखवले. आपल्या शाळेतील नोंदीचा आधार भावाच्या नातीने घेण्यास आपली हरकत नाही, असा मजकूर होता. वाचून झाल्यावर त्यांनी सवयीने शाईचे पॅड पुढे सरकवले. चंद्रभानजींनी हात लांबवून ते बाजूला केले आणि खिशातले पेन काढून, टोपण उघडून, बहिणीपुढे धरले.

भागीरथाबाईने त्या पेनाकडे पाहिले, भावाकडे पाहिले. मग शाईचे पॅड तिनेच स्वतःकडे ओढून घेतले.

"ब्यांकेत अंगठा, रेशनवर अंगठा, घराच्या कागदावर अंगठा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आता सही केली, तं थे मीच हावो हे कोन मानन? पोरीचं काम अडन उगाच."

तिने अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर नीट, जरा फिरवून, उमटवला. उमटवण्यापूर्वी तिची नजर निवेदनाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश उतरत गेली होती. ते फक्त प्राजक्ताने पाहिले.

पंजाबरावांनी पाने क्रमाने लावली, फाईलला दोरी बांधली, वर क्रमांक टाकला आणि पोच लिहून प्राजक्ताच्या हाती दिली. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. प्राजक्ताने वही काढली, मागच्या पानावरच्या दोन आकड्यांवर एक आडवी रेघ मारली आणि आत्याआजीच्या पाया पडली. पाचच्या शिकवणीला तिला पोचायचे होते; परीक्षेला आता दोन महिनेही राहिले नव्हते. ती निघाली तेव्हा तिची पावले जवळजवळ धावत होती.

बसस्थानकावर भाऊ-बहीण दोघेच आले. ही वाट जुनी होती. भागीरथाबाई माहेरून परत निघाली की चंद्रभानजी तिला इथवर पोचवीत. गाड्या लागत तशी ती एका खांबापाशी उभी राही, ते पुढे पळत, पाट्या वाचीत, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरीत आणि परत येऊन सांगत, "बाई, हे तुही." पन्नास वर्षांत तिने एकदाही आपण होऊन पाटीकडे मान वर केली नव्हती. भावाचा तेवढा मान तिने राखला होता.

फलाटावर दोन गाड्या एकामागोमाग येऊन थांबल्या. चंद्रभानजींचे पाय सवयीने उचलले गेले आणि दुसऱ्याच पावलाला थांबले. रुमाल हातातच राहिला.

भागीरथाबाई खांबापाशी वाट पाहत होती. तिने एकदा भावाकडे पाहिले. मग हळूच मान वर केली, पहिल्या गाडीची पाटी पाहिली, तिला सोडून दिले आणि मागच्या गाडीकडे वळली.

"येतो चंदर," ती म्हणाली. "वांगे लई पिकू देजो नको. याच पुसाच्या महिन्यात उतरवजो."

ती पायरी चढली. दांडी धरताना तिने चार बोटेच टेकवली. शाईचा अंगठा अजून पुरता वाळला नव्हता, म्हणून तो तिने दांडीपासून दूर, सरळ उभा धरला होता. खिडकीपाशी बसल्यावरही तो तसाच होता, लुगड्याला डाग लागू नये इतका अंगावेगळा. गाडी हलली. चंद्रभानजींनी मूठ उघडली. बोरे अजून होती, थोडी दबलेली. त्यांतले एक त्यांनी तोंडात टाकले आणि गाडी वळणाआड होईपर्यंत तिच्या मागच्या पाटीवरची अक्षरे, बोट न फिरवता, वाचीत राहिले.